राजाचा भोपळा

४ जानेवारी, शनिवार

आज पुन्हा पाहिला. मान आखडली, चहा गार झाला, पण उठले नाही. काय सिनेमा आहे! नायजेरियातला — योरुबा लोकांचा, त्यांच्याच भाषेत. फार जुना काळ. मातीचा कोट असलेलं एक शहर, आत राजा आणि त्याचे माजलेले सरदार. बाजारात बायका कंद विकायला बसल्या की सरदाराची माणसं येतात आणि अर्धी पाटी उचलून नेतात. कुणी बोललं तर चाबूक. ज्यांच्या घरी वयात आलेली पोर आहे त्यांनी तिला धान्याच्या कणगीत लपवायचं.

मग उठाव होतो. मोरेनिके नावाची एक बाई आहे, कापडाला नीळ देणारी. कोपरापर्यंत हात निळे. तिथली रीत अशी की पुरुषांनी राजासमोर पालथं पडून लोटांगण घालायचं, बायकांनी गुडघे टेकायचे. ही बाई एके दिवशी टेकतच नाही. उभी राहते. बस्स, एवढंच करते — आणि माझ्या अंगावर काटा आला.

सिनेमाभर ही माणसं कंद खातात. आम्हा जैनांनी किती वेळा डोळे मिटायचे!

आपल्या सिनेमा मंडळात हाच दाखवायचा. २५ तारखेला. ठरवून टाकलं.

५ जानेवारी, रविवार

मीटिंगमध्ये सांगितलं. बाळासो — आमचा प्रोजेक्टर तेच सांभाळतात, मंडळातले सगळ्यात जुने — म्हणाले, "बाई, ठरवायच्या आदी इचारत जावा की." विचारलं असतं तर काय म्हणाले असते? 'बरं' म्हणाले असते. मग!

सिनेमाखाली इंग्रजी ओळी आहेत, पण त्या सरसर पळतात. आमच्या पेठांतल्या माणसांना मराठीच हव्यात. ओळी मी लिहिणार, अनुजा लॅपटॉपवर बसवणार. अनुजा माझी शाळेतली विद्यार्थिनी, मागच्याच गल्लीत दिली आहे. ऑफिस सुटलं की थेट माझ्याकडे येईल. हुशार आहे. हट्टीही आहे.

निघताना बाळासो दारात घुटमळले. २ फेब्रुवारीला वार्षिक सभा आहे ना, त्याबद्दल. "यंदा लोकं जरा बोलायचं म्हणतायत, बाई. मीटिंग पाचला ठेवली तर पोरं कामावनं सुटत न्हाईत. येनार कशी?" मी म्हटलं, बोलू देत की! पाचला यावं आणि बोलावं. मी दिवस मावळायच्या आत जेवणारी बाई, सातला मीटिंग ठेवून मी काय उपाशी बसू?

सभेत दर वर्षी अध्यक्ष निवडायचा असतो. म्हणजे मीच. हे गेले त्या वर्षापासून मीच आहे, बिनविरोध. मी नसते तर हे मंडळ उभं राहिलं असतं का? हॉल मी मिळवला. सिनेमा सुरू झाला की दार बंद, हा नियम माझा. तसला प्रसंग आला की प्रोजेक्टरपुढे पुठ्ठा धरायचा, हाही माझाच. घरातल्या चार पिढ्या एकत्र येऊन बघतात ते उगाच नाही.

८ जानेवारी, बुधवार

अनुजा आली. पोर ऑफिसातून उपाशी येते म्हणून गव्हाची गोड हुग्गी करून ठेवली होती. खाल्ली, आणि तिच्या नवऱ्यासाठी — यशराजसाठी — डबा भरून दिला.

आजच्या ओळी झरझर झाल्या. एका शब्दावर वाद. मोरेनिके उभी राहते तेव्हा राजाला काय म्हणते — 'आपण', 'तुम्ही' की 'तू'? इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द, त्यांचं बरं आहे. मी 'आपण' लिहिलं. राजा आहे शेवटी.

अनुजा म्हणाली, "बाई, तिचा आवाज ऐका की! ती आता पाया पडत न्हाय. 'तू'च म्हणणार."

'आपण'च ठेवलं.

१० जानेवारी, शुक्रवार

राजाचं मोठं भाषण झालं. हात वर करून ओरडतो — "मी नसतो तर हे शहर उभं राहिलं असतं का?" उद्धट मेला! कुणाचं म्हणून ऐकत नाही. कोट लोकांनी बांधला, विहिरी लोकांनी खणल्या, आणि हा म्हणे मी. हे वाक्य लिहिताना फार मजा आली. सहज उतरलं, एकदाही खोडावं लागलं नाही.

उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबला होता. अनुजाला यायला उशीर झाला. घड्याळाकडे पाहिलं नुसतं. बोलले नाही हं.

१२ जानेवारी, रविवार

अडलं! सिनेमाच्या मुख्य जागेवर येऊन अडलं.

तिकडे अशी रीत होती — राजा लोकांना नकोसा झाला की सल्लागारांतला सगळ्यात म्हातारा माणूस त्याच्याकडे एक झाकलेलं भांडं घेऊन जायचा. वाळवलेला भोपळा कोरून करतात ना, तसलं. समोर ठेवायचं, झाकण काढायचं. आत काही नाही. रिकामं. अर्थ एवढाच की लोकांना तू नकोस. आणि ज्याला ते मिळालं त्या राजानं पुढे जगायचं नाही! स्वतःच्या हातानं संपवायचं. भयंकरच. आपल्याकडे बाई असलं काही नाही. आपल्याकडे माणूस नुसता खुर्चीवरून उठला तरी पुष्कळ झालं.

आता हे मराठीत लिहायचं कसं? 'म्हाताऱ्यानं राजाला भोपळा दिला'? सगळा हॉल फुटेल हसून! मी जन्मभर गणिताच्या पेपरात पोरांना भोपळे दिलेत. भोपळा म्हटलं की शून्य मार्क. आणि तो प्रसंग असा आहे की टाचणी पडली तर ऐकू यावी.

मी म्हटलं 'कलश'. अनुजा म्हणाली, "बाई, कलश आपण पूजेला मांडतो. रिकामा म्हटल्यावर लोकांना वाटेल, पाणी घालायचंच राहिलं."

बाळासो प्रोजेक्टरची वायर घ्यायला आले होते. म्हणाले, "तांब्या म्हना की." मी म्हटलं, बाळासो, रिकामा तांब्या घेऊन माणूस सकाळी कुठं जातो? तिघंही इतकं हसलो की अनुजाला ठसका लागला. पण प्रश्न तिथंच.

शेवटी मी 'कलश' ठरवला. कुणीतरी ठरवायला नको का?

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत काल झाली. अनुजा माझा डबा परत घेऊन आली. उघडला तर तिळगूळ. मी म्हटलं, अगं, कशाला? तर म्हणाली, "तुमचा डबा रिकामा कसा देऊ?"

आणि तशीच उभी राहिली, डबा हातात धरून. "बाई — हेच की! रिकामं भांडं कोण परत देतं का? शेजारणीशी कितीबी वाकडं असू दे, चमचाभर साखर तरी घालून देतोच की आपण. रिकामं दिलं म्हणजे…"

रिकामं दिलं म्हणजे संबंध तोडला. आमच्या आईनं एकदा एका जावेला वाटी रिकामी परत दिली होती. पुढे दोन्ही घरांत लग्नंसुद्धा एकमेकांना न बोलावता झाली.

लिहिली ओळ. म्हातारा झाकण काढतो आणि म्हणतो, "राजा, लोकांनी तुझं भांडं रिकामं परत पाठवलंय." भोपळा नाही, कलश नाही, तांब्या नाही.

आज फार बरं वाटतंय. मला हे सुचलं नसतं तर सगळा सिनेमा फुकट होता. म्हणजे वाक्य अनुजाचं, पण डबा माझा होता.

१६ जानेवारी, गुरुवार

मोरेनिकेचं 'आपण' बदलून गुपचूप 'तू' केलं. अनुजाला सांगितलं नाही. उगाच डोक्यावर बसेल.

१९ जानेवारी, रविवार

मीटिंग पाचला. मी, बाळासो आणि रिकाम्या खुर्च्या. लोकांना हल्ली आस्थाच राहिली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

ओळी पूर्ण झाल्या. शेवटची पाटी मी लिहून दिली — 'मराठी रूपांतर: त्रिशलाबाई'. खाली बारीक अक्षरात 'साहाय्य: अनुजा'. ती म्हणाली, "बरं, बाई." टाइप केलं. आज थांबली नाही, खाल्लंही नाही. डबा दिला तो मात्र नेला. कच्च्या केळ्याची भाजी होती, यशराजला आवडते.

दमली असेल.

२५ जानेवारी, शनिवार

झाला! हॉल भरला होता. मागे माणसं उभी. धाकधूक होती ती एकाच ठिकाणची.

म्हातारा चालत आला. लोटांगण घातलं. भांडं ठेवलं. झाकण काढलं. खाली ओळ उमटली. कुणी हसलं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेत एक आजीबाई होत्या, त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अगं बाई गं!" आणि छातीवर हात ठेवला. समजलं! कुठलं ते शहर, कुठला तो राजा, आणि कोल्हापुरातल्या म्हातारीला एका ओळीत समजलं. मला रडू आलं. अंधारात होते म्हणून बरं.

राजाला मात्र नाही समजलं. तो हसतो. भांडं लाथाडतो. मग बायका निळीचे रांजण रस्त्यावर ओततात, शेतकरी कुदळी घेऊन येतात, वेशीचं दार पेटतं. रक्ताच्या वेळी मी डोळे मिटून घेतले. मोरेनिके नवऱ्याचा निरोप घेते तिथं पुठ्ठा धरला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, काढा की त्यो!" कोण ते कळलं नाही. पुठ्ठा नाही काढला.

नंतर मी बोलले. रूपांतर कसं केलं, शब्द कसा सापडला, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. बाळासो खालून खुणा करत होते — तिला बोलवा, तिला बोलवा. अनुजा खांबापाशी उभी होती. मी बोलण्याच्या नादात होते. पाहीपर्यंत ती गेली होती.

२६ जानेवारी, रविवार

सगळ्यांचे फोन. अनुजाचा नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी यशराज दारात डबा देऊन गेला. गाडी चालूच होती. "येतो बाई," एवढंच. मान वर केली नाही. डबा घासून, पुसून, लखलखीत.

उघडला. रिकामा.

२९ जानेवारी, बुधवार

कालपासून डबा ओट्यावर आहे. आत ठेवला नाही, हात लावला नाही.

काय समजतात काय ही पोरं! हिला मी पाढे शिकवले. हुग्गी करून घातली. आणि ही मला रिकामं भांडं पाठवते! तेही इतकं समजून उमजून — तिच्याइतकं त्याचा अर्थ दुसऱ्या कुणाला माहीत असणार? सभेत बोलायचं ते बोलली असती तोंडावर. मीही सांगितलं असतं. हॉल कुणी मिळवला? माणसं कुणी जमवली? मी नसते तर हे मंडळ —

इथं पेन थांबलं.

हे वाक्य मी लिहिलंय. याच महिन्यात. राजाच्या तोंडी. एकदाही न खोडता.

बराच वेळ खिडकीत बसले. समोरच्या जिन्यावर बाळासोंची सून कपडे वाळत घालत होती. बाळासोंचं बोलणं आठवलं, पोरं येनार कशी? पुठ्ठ्यावरचं ते ओरडणं आठवलं. 'बरं, बाई.' अनुजा 'बरं, बाई' म्हणाली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, पाटीवरच्या माझ्या नावाकडे पाहत होते.

राजा हसला आणि सगळं शहर पेटलं. मी लिहितानाच म्हणत होते, अरे ऊठ ना मेल्या, उठून जा, काय अडलंय तुझं! आता कळतंय काय अडलं होतं. हे गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठायचं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं आणि मग? मग काहीच नाही. मंडळ होतं म्हणून सिनेमे शोधायचे, फोन करायचे, कुणाला तरी रागवायचं. मंडळ गेलं तर मला संध्याकाळ नाही. एवढीच भीती आहे. लिहून टाकली. लिहिल्यावर तेवढी मोठी वाटत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

झोप चांगली लागली. आश्चर्यच!

सकाळी शेंगदाणे भाजले, गूळ चिरला. डब्यात तळाशी हॉलची किल्ली, मंडळाच्या कपाटाची किल्ली, वर कागद, कागदावर गूळ-शेंगदाणे. रिकामा डबा परत द्यायची आपल्यात रीत नाही. ती तिनं मोडली असेल, मी का मोडू?

पुठ्ठा डब्यात मावेना. रद्दीत घातला.

त्यांच्या घराला कुलूप होतं. पिशवी कडीला अडकवून आले. येताना भाजी घेतली, भाव केला, भाजीवाला म्हणाला, "आज लई खुशीत दिसताय, बाई." काय सांगणार त्याला!

३१ जानेवारी, शुक्रवार

अनुजा धावत आली. चप्पल न काढता आत. डोळे भरलेले. "बाई, काय केलंसा हे! मला ताप होता शनिवारपासनं. खांबापाशीच गरगरलं म्हणून गेलते घरी. मंगळवारी यशराजनं आपलं आपण डबा घासून आणून दिला. त्याला काय ठावं! वड्या केलेल्या मी, ओट्यावरच राहिल्या की!" आणि वड्यांचा डबा पुढे केला.

म्हणजे भोपळा कुणी पाठवलाच नव्हता! हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. तीही हसली.

मग किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाली, "घ्या की परत." एकदाच म्हणाली.

किल्ल्या तिच्या पर्समध्ये टाकल्या. वड्या ठेवून घेतल्या. रविवारची सभा सातला लाव म्हटलं. मी जेवून येईन.